फेक्यासाठी पन्नास तास

माझ्या हाताखाली पंचेचाळीस पोरं आहेत आणि त्यातलं एकही खरं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी तोंडावर हात ठेवून हसायला नको. मी एका कॉलेजच्या फुटबॉल टीमची कोच आहे, चार वर्षं झाली. लाथ मारायचा फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू काखेत धरून पळायचं आणि समोरच्याने अंगावर येऊन आडवं पाडायचं, तो. डोक्याला हेल्मेट, खांद्यांना उशा बांधल्यासारख्या. सगळं टीव्हीवर, हातात कंट्रोलर घेऊन. दिवसभर मी तळघरातल्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या करते, आणि संध्याकाळी घरी येऊन सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना फोन लावते, की बाबांनो, माझ्या कॉलेजात या.

सत्तेचाळिसाव्या वर्षी हे थेर मला आपले आपण सुचलेले नाहीत. भावाने लावलेलं खूळ आहे.

भावाला मी बारक्या म्हणते. आता तो सहा फूट आहे आणि कपाळ मागे सरकत चाललंय, पण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान तो आहेच. आई गेली तेव्हा तो दहाचा, मी एकोणीसची. वडील त्याच्याही आधी गेले होते. त्याच वर्षी मी लॅबमध्ये प्लास्टर कालवायला लागले. त्याला शिकवलं, वाढवलं, दोनदा मारलं. त्यातलं एकदा उगीच होतं. चार वर्षांपूर्वी त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, बसने सात तास. लग्नही तिथेच झालं. जायच्या आदल्या दिवशी त्याने आपला जुना गेमचा डबा माझ्या टीव्हीला जोडला, नवा स्वतःसाठी घेतला, आणि म्हणाला, "ताई, यात रोज भेटू."

त्याच्या कॉलेजातल्या आठ मित्रांची एक लीग होती, प्रत्येकाची एकेक टीम. त्यात मला घुसवलं. दर बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी आठ वाजता त्यांच्यातला एक जण बटण दाबून खेळातला आठवडा पुढे ढकलतो. त्याला सगळे मॉनिटर म्हणतात. तोवर ज्याने त्याने आपापली कामं उरकायची. कोणी आलं नाही म्हणून आठवडा थांबत नाही.

मॅच खेळणं मला अजून धड जमत नाही. माझी बोटं मेणाला आणि प्लास्टरला सरावलेली, ती बटणं कोण दाबणार? मॅच मी मशीनलाच खेळू देते. माझं सगळं लक्ष पोरं गोळा करण्यात. खेळातलं वर्ष, म्हणजे एक सीझन, आपल्या अडीच-तीन महिन्यांत संपतं, आणि दर सीझनला शाळा संपवून निघालेल्या शेकडो पोरांची यादी येते. नावं सगळी परकी, जीभ अडकते, म्हणून मी आपली टोपणनावं ठेवते. आठवड्याला प्रत्येक कोचला पन्नास तास मिळतात. ते तास पोरांवर वाटायचे. पत्र लिहिलं की पाच तास गेले, फोन केला की दहा, घरी जाऊन आईबापांना भेटलं की तीस. प्रत्येक पोराच्या मनात काहीतरी हवं असतं. कोणाला पहिल्या वर्षीच खेळायचं असतं, कोणाला मोठं मैदान, कोणाला घराजवळ राहायचं असतं. तास घातल्याशिवाय ते कळत नाही. पोराच्या नावाखाली पट्ट्या दिसतात, कोणत्या टीमकडे त्याचा किती ओढा आहे त्याच्या. ज्याची पट्टी आधी भरली, पोरगं त्याचं.

पोरगं आलं की घडवायचं. माझी पद्धत अशी, की पहिलं वर्ष बाकावर बसवायचं. वजन वाढव, सराव कर, मोठ्यांचं बघ. दुसऱ्या वर्षी मैदान. बारक्याला तेवढा धीर नाही. त्याला पाच चांदण्यांचा, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा, तयार माल लागतो. मी दोन चांदण्यांची पोरं उचलते, ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. माझ्या 'भिंत' नावाच्या पोराला घ्यायला एकही टीम तयार नव्हती, आणि चौथ्या वर्षी त्याच्या अंगावर जाताना बारक्याचे तयार मालवाले पाय ओढत जायचे.

पण हे सगळं खेळाच्या प्रेमापोटी चाललं होतं असं समजू नका.

पहिल्या सहा महिन्यांतच बारक्याचे फोन विरळ झाले. नवी नोकरी, नवी बायको, मी समजू शकते. समजते म्हणून काही बरं वाटत नाही. संध्याकाळी कुलूप उघडलं की घरात सकाळचा कप तिथल्या तिथे, टॉवेल तिथल्या तिथे. मी मुद्दाम दोन-दोन कप वापरून बघितले. धुवायचे मलाच लागले, एवढंच.

आणि मग एका सीझनला चुकून आमच्या दोघांचा डोळा एकाच पोरावर पडला. तीन आठवडे गप्प असलेल्या माणसाचा संध्याकाळी फोन. "ताई, तू माझ्या पोराच्या मागे का लागलीस? मी तुझं काय घोडं मारलंय?" चाळीस मिनिटं बोलला. दातांच्या कण्या केल्या बिचाऱ्याने. मी आधी भाव खाल्ला, मग टोमणे मारले, मग दोघंही हसलो. शेवटी मी ते पोरगं सोडलं. फोन ठेवला तेव्हा चहा गार झालेला होता, आणि मी तो तसाच आनंदाने प्यायले.

त्या दिवसापासून मला किल्ली सापडली. दर सीझनला मी आधी बघायची की बारक्याला कोणतं पोरगं हवंय, आणि नेमके त्याच्यावर तास ओतायची. मला ते पोरगं नकोच असायचं. त्याचा फोन हवा असायचा. शेवटच्या आठवड्यात सोडून द्यायचं हा माझा नेम. चार वर्षांत एकदाही मी त्याचं पोरगं खरोखर पळवलं नाही. त्याला वाटायचं ताईला खेळाचं वेड लागलंय. वाटू दे म्हटलं.

फोनवर आम्ही पोरांबद्दलच बोलायचो. कोण किती पळतो, कोणाचा गुडघा दुखावला. मग "चल, ठेवतो." "ठेव." झालं.

यंदाच्या सीझनला यादीत एक पोरगं आलं, मी त्याचं नाव फेक्या ठेवलं. चेंडू असा फेकायचा की बघत राहावं. पाच चांदण्या. बारक्याची टीम त्याच्या यादीत पहिल्या दिवसापासून वर होती. मी लगेच बारक्याला मेसेज टाकला, "यंदा तुझा फेक्या मी पळवणार. बस रडत."

मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

मी पन्नासच्या पन्नास तास फेक्यावर घातले. त्याच्या मनात काय आहे तेही काढलं. त्याला घराजवळ राहायचं होतं, बाकी कशाचं त्याला फारसं पडलं नव्हतं. माझं कॉलेज त्याच्या गावापासून लांब, बारक्याचं त्याहून लांब. पण ते माझ्या खिजगणतीतही नव्हतं, कारण फेक्या मला घ्यायचाच नव्हता. माझी पट्टी चढली. बुधवारी बघितलं तर बारक्याचीही चढलेली. मी पुन्हा पन्नास घातले. त्याची पुन्हा चढली.

मग मला कळलं. गडी रुसलाय.

त्याचं रुसणं मला पाठ आहे. लहानपणी रुसला की तो दाराच्या मागे जाऊन बसायचा, दोन-दोन दिवस बोलायचा नाही. मी समजूत घालत बसायची नाही. मला वेळ कुठे होता? मी ताट वाढून ओट्यावर ठेवायची आणि कपडे धुवायला निघून जायची. परत येऊन बघावं तर ताट रिकामं, धुऊन पालथं घातलेलं. तो बोलायचा नाही, मी विचारायची नाही, पण ताट रिकामं झालं म्हणजे सगळं ठीक आहे. आमचं घर असंच चाललं.

तेव्हा पट्टी चढतेय म्हणजे सगळं ठीक आहे. बोलत नाही, पण जेवतोय. मला तर मजा यायला लागली. इतके आठवडे लागोपाठ तो माझ्याशी असा कधीच झुंजला नव्हता. बुधवार आणि रविवार मी लॅबमधून धावत घरी यायची. टीव्हीसमोर बसून त्याच्याशी मोठ्याने बोलायची. "अस्सं? आईबापांना भेटून आलास? थांब, मी पण जाते."

लॅबमध्ये आमचे पॉलिशवाले काका आहेत. कवळी तयार झाली की घासून चकाकवायचं काम त्यांचं. एकदा मी गुणगुणत दात बसवताना त्यांनी ऐकलं.

"काय बाई, स्वारी खुशीत आज?"

"भावाशी भांडण चाललंय."

"फोनवर?"

"छे. दोन महिने झाले, एक शब्द बोलला नाही."

त्यांनी मशीन बंद केलं. "भाऊ दोन महिने बोलत नाही आणि तुम्ही गाणी म्हणताय?"

"बोलतो हो. त्याची पद्धत आहे."

"सरळ फोन लावा की."

"मी का लावू? मोठी मी आहे."

काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. मला त्यांचा रागच आला. आमच्या घरातलं यांना काय कळणार, म्हटलं.

शेवटचा आठवडा आला. रविवारी आठ वाजता फेक्या सही करणार. माझी पट्टी आणि बारक्याची पट्टी अगदी बरोबरीत. नेमाप्रमाणे मी आता सोडायला हवं होतं. पण फोन आला नव्हता, आणि फोनशिवाय सोडायचं म्हणजे सगळंच फुकट. मी वाट बघितली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी मी नमतं घेतलं आणि मॉनिटरला मेसेज केला. "तुझ्या मित्राला सांग, तोंड उघडून मागितलंस तर ताई फेक्या देईल."

पाच मिनिटांत उत्तर आलं. "ताई, तुम्हाला माहीत नाही? त्याने सीझन सुरू होतानाच सोडलं. त्याची टीम तेव्हापासून मशीनच चालवतंय. मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल."

मी तो मेसेज तीन वेळा वाचला. मग कंट्रोलर उचलून गादीखाली ठेवला, का ते मला माहीत नाही. दहा आठवडे मी एका डब्याशी भांडत होते. पट्टी चढत होती ती मशीन चढवत होतं. ताट रिकामं होत होतं ते जेवणारं कोणी नव्हतंच. मला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त भीती वाटली. दहा आठवडे माझा भाऊ कुठे होता?

भीती वाटली की मी चिडते. फोन लावला आणि तो "हॅलो" म्हणायच्या आत सुरू झाले. "सोडायचं होतं तर सांगायला तोंड नव्हतं? का ताईला वेडी समजतोस?"

त्याने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "ताई, टीव्ही नाहीये."

"बिघडला तर दुरुस्त करून घ्यावा माणसाने."

"बिघडला नाही. तिचा होता. ती घेऊन गेली."

मला आधी समजलंच नाही. "कुठे घेऊन गेली?"

"आईकडे. दोन महिने झाले. परत नाही येणार ती, ताई."

माझी भावजय गोड मुलगी. वर्षातून एकदा भेटायची, वाकून नमस्कार करायची, स्वयंपाकघरात मला हात लावू द्यायची नाही. त्यांच्यात काही बिनसलंय याचा मला वासही नव्हता. "आणि हे तू मला दोन महिन्यांनी सांगतोस?"

"त्याच दिवशी सांगणार होतो. मेसेज लिहायला घेतला होता. तेवढ्यात तुझा आला. यंदा तुझा फेक्या मी पळवणार म्हणून. तू इतकी मजेत होतीस. म्हटलं, जाऊ दे. आणि आपण दुसरं काय बोलतो फोनवर? कुठून सुरुवात करू तेच कळेना."

फोन कानाला धरूनच मी माझ्या टीव्हीच्या तारा काढायला लागले.

रविवारी सकाळी सातच्या बसला मी निघाले. बरोबर माझा टीव्ही. बत्तीस इंची, गोधडीत गुंडाळून, वरून काकांनी लॅबमधला फोडांचा प्लास्टिक कागद लावून दिलेला. शनिवारी संध्याकाळी ते खास त्यासाठी घरी आले, एक शब्द बोलले नाहीत, दोरी मात्र चारपदरी बांधली. कंडक्टरने विचारलं, "हे काय, बाई?" म्हटलं, "भावाचा टीव्ही." त्याने त्याचंही तिकीट फाडलं. सात तास मी तो मांडीशी धरून बसले, पाय बधिर झाले.

बारक्याने दार उघडलं. दाढी वाढलेली, शर्ट उलटा. घरात दोन खुर्च्या आणि एक गादी. भिंतीवर खिळे होते, खिळ्यांना काही नव्हतं. ओट्यावर एक ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. ते मी बघितलं आणि माझा हात तिथेच टेकला.

आम्ही टीव्ही जोडला. दुसरं काय करावं ते दोघांनाही सुचत नव्हतं. आठला पाच मिनिटं कमी असताना त्याने दोन महिन्यांनी आपली टीम उघडली. मी म्हटलं, "घाल तुझे तास. फेक्या तुझा." माझे मला काढता येत नव्हते, माझा डबा घरी. तो म्हणाला, "राहू दे ना ताई." मग दोघंही नुसते बघत बसलो. आठ वाजले, आठवडा पुढे गेला.

फेक्या ना माझ्याकडे आला, ना त्याच्याकडे. तो त्याच्याच गावातल्या एका फडतूस कॉलेजात गेला होता. त्या टीमला कोच म्हणून माणूसच नव्हता, पहिल्यापासून मशीन. त्या कॉलेजची तिसरी पट्टी सगळा वेळ खालून वर येत होती. मी पहिल्या दोन पट्ट्यांखाली कधी बघितलंच नव्हतं. पोराने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, घराजवळ राहायचंय म्हणून.

"दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ," बारक्या म्हणाला आणि हसला. मीही हसले. मग तो हसायचा थांबला.

"ती जाताना काय म्हणाली माहितेय? म्हणाली, चार वर्षांत तू मला काही विचारलंच नाहीस. मी रडत असले की चहा करून ठेवायचास आणि बाहेर जायचास." त्याने माझ्याकडे बघितलं. "मला वाटायचं, असंच करतात."

टीव्हीवर कसलंसं संगीत वाजत होतं, ते बंद करायचं भान कोणालाच नव्हतं. असंच करतात हे त्याला कोणी शिकवलं ते मला माहीत होतं. त्या पोराला मी दहाव्या वर्षापासून घडवलं होतं. चुकलं माझं, असं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, त्याला ऐकू जाईल असं. आजवर मी त्याला ते म्हटलं नव्हतं, त्या उगीच मारलेल्या वेळीसुद्धा नाही.

मी उठून ताट वाढायला निघाले होते. उठलेली पुन्हा बसले आणि विचारलं, "कसा आहेस तू?" प्रश्न माझ्याच कानाला ओळखीचा वाटला नाही.

तो बराच वेळ बोलत होता. ते इथे सांगायचं नाही, त्याचं आहे.

सोमवारी दुपारी मी परत निघाले, मंगळवारपासून एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या कवळीला लागायचं होतं. टीव्ही त्याच्याकडेच ठेवला. घरी आले तर टेबलावर धूळ नसलेला चौकोन, आणि शेजारी डबा, तारा लोंबत. बुधवारी आठ वाजता आठवडा पुढे गेला असेल. माझी पंचेचाळीस पोरं आता मशीनच्या हवाली. त्यांचं काय चाललंय मला माहीत नाही. त्यातल्या 'ससा' नावाच्या पोराचा गुडघा बरा व्हायचा होता, तेवढं मनात येतं.

त्या संध्याकाळी घर पूर्वीपेक्षा शांत वाटलं. टीव्हीचा आवाजही नाही. साडेआठला मी फोन लावला. मोठी मी असले तरी मीच लावला.

"बोल," तो म्हणाला.

मधे धरायला आता कोणाचं पोरगं नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता, माझ्याकडचा की त्याच्याकडचा ते कळत नव्हतं. ठेवतो म्हणेल असं वाटलं.

मग त्याने अडखळत विचारलं, "ताई, तू आज काय केलंस?"

अठ्ठावीस वर्षं मी त्या तळघरात काम करते. त्याने कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, की शिक्षिकाबाईंनी तरुणपणाचा एक फोटो आणून दिलाय, हसतानाचा, त्यावरून दात लावायचेत. पुढचे दोन मुद्दाम किंचित तिरपे बसवावे लागतात, अगदी सरळ बसवले तर खोटे दिसतात. आधी मेणात बसवायचे, बाईंना तोंडात घालून बघायला सांगायचं, आरसा द्यायचा.

"आणि मग?" तो म्हणाला.

मी खुर्ची पुढे ओढली, पाय वर घेतले आणि पुढचं सांगायला लागले.